सौम्य आजारानंतर प्रतिपिंडे किती काळ टिकतात?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांस गणित व सामान्य विज्ञान शिकविले, एवढीच आमची पुंजी. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांतून एक प्रश्न वारंवार आमच्या कानी आला आणि चिटणीसांनी व्याख्यानाचा आग्रह धरला, तेव्हा तोच विषय आम्ही मागून घेतला. विषाणूचा आजार सौम्य होऊन गेला, दोन दिवस कणकण आली, घसा खवखवला आणि माणूस बरा झाला. तर त्याच्या रक्तात उत्पन्न झालेली प्रतिपिंडे, ज्यांस डॉक्टर मंडळी अँटिबॉडी म्हणतात, ती किती काळ पुरतात?

ही केवळ जिज्ञासा नव्हे. 2021 साली आपल्यातीलच एक गृहस्थ कोविडमधून बरे झाल्यावर दरमहा रक्त तपासून घेत असत. आकडा उतरू लागला तशी त्यांची झोप उडाली. निवृत्तिवेतनाचा पैसा खर्ची पडला तो निराळाच. उलट दुसऱ्या एका घरी आकडा भरघोस आला म्हणून वडीलधाऱ्यांनी लस टोचून घेण्याचेच नाकारले. तपासणी एकच, पण तिने एकास भयभीत केले व दुसऱ्यास गाफील. म्हणून या आकड्याचा अर्थ नीट लावणे अगत्याचे आहे.

प्रथम थोडे गणित करू. दीर्घकाळ रक्तात आढळणारी प्रतिपिंडे मुख्यत्वे आयजीजी या प्रकारची असतात. ती अमर नसतात. सुमारे 21 दिवसांत त्यांतील निम्मी नाहीशी होतात. आता 11 महिने म्हणजे अदमासे 330 दिवस. एवढ्या अवधीत निम्मे होण्याची पाळी पंधरा वेळा येते. नवी प्रतिपिंडे मुळीच घडत नसतील, तर मूळ साठ्याचा 32,768 वा हिस्सा काय तो उरावा. प्रत्यक्षात काय आढळले? अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी कोविड होऊन गेलेली 77 माणसे तपासली. त्यांतील बहुतेकांचा आजार सौम्य होता. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार प्रतिपिंडे पहिल्या 4 महिन्यांत झपाट्याने घटली, पुढे उतार मंदावला आणि 11 महिन्यांनंतरही ती रक्तात मिळतच होती. याचा अर्थ उघड आहे. कोणीतरी ती नव्याने घडवीत होते.

हे घडविणारे कोण, ते आपल्या अनुभवातल्या दाखल्याने सांगतो. लग्नघरी आचाऱ्यांचा तांडा येतो, चुलाणे पेटतात, पंक्तींवर पंक्ती उठतात. कार्य उरकले की आचारी आपापल्या गावी जातात. पण म्हणून घरची चूल विझत नाही. आजार येताच शरीरात प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशींची अशीच गर्दी उसळते व त्यांतील बहुतेक थोड्याच दिवसांत मरतात. आरंभीची घट ती ही. परंतु काही थोड्या पेशी अस्थिमज्जेत जाऊन कायमचे बिऱ्हाड करतात आणि संथपणे काम चालू ठेवतात. उपर्युक्त संशोधकांनी काही जणांच्या अस्थिमज्जेचे नमुने आजारानंतर सात-आठ महिन्यांनी घेतले, तेव्हा बहुतेकांत या पेशी सापडल्या. शिवाय स्मृतिपेशी असतात. त्या एरवी स्वस्थ असतात, पण ओळखीचा विषाणू पुन्हा दिसताच प्रतिपिंडांची नवी फौज उभारतात. टी पेशी तर विषाणूने ग्रासलेल्या पेशींवरच चाल करून जातात. रक्तातील प्रतिपिंडांच्या आकड्यात यांतील एकीचीही मोजदाद नसते. त्या गृहस्थांची झोप विनाकारण उडाली, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

परंतु आकडा चांगला म्हणून लस नाकारणाऱ्यांचेही आम्हांस खरे वाटत नाही. प्रतिपिंडे असणे आणि विषाणूस दारातच अडविणे या भिन्न गोष्टी होत. इंग्लंडात सॉल्सबरी येथे पडशाच्या अभ्यासासाठी एक केंद्र होते. तेथे स्वयंसेवकांच्या नाकात पडशाचा एक कोरोना विषाणू घालण्यात आला. वर्षभराने प्रतिपिंडे पुष्कळ उतरलेली होती. तोच विषाणू पुन्हा घातला असता अनेकांना संसर्ग झाला, पण पडसे मात्र एकालाही झाले नाही! हा प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला.

सर्वच विषाणूंची रीत अशी नसते. 1846 साली फेरो बेटांवर गोवराची भयंकर साथ आली. पानुम नावाच्या तरुण डॅनिश वैद्याने घरोघर चौकशी केली, तेव्हा 1781 च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता ते वृद्ध 65 वर्षांनंतरही निर्धास्त असल्याचे त्यास आढळले. गोवराचा विषाणू आपले रूप फारसे पालटत नाही. कोविडचा पालटतो. नोव्हेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉन उद्भवला आणि पूर्वी बऱ्या झालेल्या असंख्य माणसांस पुन्हा ताप आला. प्रतिपिंडे शिल्लक होती, पण ती जुन्या रूपावर बेतलेली होती. त्यातून सौम्य आजारात ती सामान्यतः कमीच घडतात. काही थोड्यांच्या रक्तात तर ती तपासणीत दिसतही नाहीत.

जाता जाता तपासणीविषयी एक सांगतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने 2020 साली अशी एक चाचणी तयार केली, तिचे नाव ‘कोविड कवच’. लोकसंख्येत साथ किती पसरली हे पाहण्यास ती मोठी उपयोगी; पण नावामुळे कित्येकांस आपल्या अंगावर कर्णाचेच कवच चढल्यासारखे वाटले असावे. शिवाय निरनिराळ्या चाचण्या विषाणूच्या निरनिराळ्या भागांविरुद्धची प्रतिपिंडे मोजतात. एकीचा आकडा दुसरीशी ताडणे म्हणजे शेर आणि किलो एकाच मापाने मोजणे होय.

आता भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो. आईला गोवर येऊन गेला असेल तर बाळास तो का येऊ शकतो? आईची प्रतिपिंडे वारेतून बाळास मिळतात खरी, पण ती उसनी असतात. घडविणाऱ्या पेशी आईजवळच राहतात. म्हणून ती पुढे बाळाच्या रक्तातून ओसरतात. ती भरपूर असताना लस टोचली तर लसही नीट लागू पडत नाही. यास्तव आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात व दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. दुसरीची तारीख बाळाच्या कार्डावर लिहिलेली असते.