गाडी थरथरते की मी?

(रत्नागिरी येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मोटारसायकल’ असा विषय बघून चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, अहो, तुम्ही एम.एस.डब्ल्यू. केलेल्या, कायद्यावर बोलायचं सोडून हे काय भलतंच? कायद्यावरही बोलणार आहे. पण एकाच नियमावर, आणि तोसुद्धा मध्येच कुठेतरी.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणी दुचाकीवरून आल्यात. आपल्या जिल्ह्यात गाडीशिवाय हे काम होत नाही. एस.टी. गेली की पुढची कधी, ते तुम्हाला माहीत आहेच. रात्री फोन येतो, ‘ताई, मारलंय हो तिला,’ तेव्हा एस.टी.चं वेळापत्रक बघत बसता येत नाही. मग ज्या यंत्रावर आपण इतकं अवलंबून आहोत, ते आपल्याला किती कळतं? मला कळत नव्हतं. गेल्या वर्षीपर्यंत माझं ज्ञान पेट्रोल आणि हवा इथवरच होतं.

माझी गाडी १५० सीसीची, जुनी. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, दोष कंपनीचा नव्हता. एका गॅरेजमध्ये इंजिन खाली उतरवून काम केलं, आणि त्यानंतर गाडी थरथरायला लागली. हँडल, टाकी, पायाखालचं फुटरेस्ट, सगळंच. आरशात मागचा ट्रक दिसायचा नाही, नुसता एक डाग हलायचा. घरी येऊन केसचे कागद लिहायला बसलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर.

मी गॅरेजमध्ये गेले. तिथला माणूस गाडीवर न बसताच म्हणाला, "मॅडम, एवढं व्हायब्रेशन असतंच. गाडी जड पडते तुम्हाला. स्कूटी घ्या." दुसऱ्यांदा गेले तर म्हणाला, "भावाला पाठवा, त्याला समजावून सांगतो." माझा भाऊ ठाण्याला असतो आणि त्याला सायकलची चेनसुद्धा चढवता येत नाही! पण खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. मी ते मानलं. आपल्याच हातात जोर नाही, आपणच हँडल घट्ट धरतो, आपलंच वय होतंय. तीन महिने मी हेच धरून चालले. बायकांनी असं मानू नये म्हणून मी गावोगाव सांगत फिरते, आणि स्वतः मात्र हे केलं.

मग एके दिवशी जाकादेवीकडच्या एका बाईला घेऊन रत्नागिरीला निघाले होते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तिला संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा होता. मागे ती, मध्ये तिचा चार वर्षांचा मुलगा. निवळी सोडून हातखंब्याच्या रस्त्याला लागलो आणि तिने माझ्या खांद्याला हात लावला. "ताई, थांबा जरा. गाडीचं कायतरी ढिलं झालंय. उजव्या पायाखाली जास्त हलतंय, डाव्या नाही."

मी म्हटलं, गाडीच तशी आहे. ती म्हणाली, "नाही हो. फाउंडेशनचा बोल्ट सुटला की आमची गिरण अशीच हलते."

सासरी पिठाची गिरण हीच बाई चालवत होती. गल्ल्यावर नवरा बसायचा, पट्टा चढवायचा हिने, दगड टाकवून घ्यायचे हिने, मोटरीचे बोल्ट आवळायचे हिने. रस्त्याच्या कडेला गाडी लावून ती खाली वाकली, पदराने एक जागा पुसली आणि मला बोट दाखवलं. इंजिन जिथे सांगाड्याला आवळलेलं असतं तिथे, मागच्या बाजूच्या नटाभोवती लालसर, हळदीकुंकवासारखी बारीक भुकटी होती. "हे बघा. लोखंड लोखंडावर घासलं की अशी पूड पडते." नट बोटाने फिरत होता. बोल्ट निम्मा बाहेर आलेला, आणि तो ज्या पट्टीत बसतो तिच्या वेल्डिंगला केसासारखी चीर. तशा गाडीवरून मी तीन महिने हिंडले होते. मागे एक मूल बसवून!

गाडी तिथेच ठेवली. वडापने रत्नागिरीला गेलो, अर्ज दिला. त्यानंतर मी पुस्तक आणि पाना घेऊन बसले, आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे चार रविवार गेले. त्यांनी ‘भावाला आणा’ म्हटलं नाही. तिथे जे समजलं ते आता सांगते.

पहिलं म्हणजे, थोडी थरथर असणारच. आपल्या बहुतेक मोटारसायकलींना एकच सिलिंडर. त्यात एक पिस्टन वरखाली होतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरतं तेव्हा तो सेकंदाला १०० वेळा वर जाऊन खाली येतो. प्रत्येक वेळी तो थांबतो आणि उलटा फिरतो, त्याचा धक्का सगळ्या गाडीला बसतो. तो सावरायला क्रँकवर वजन ठेवलेलं असतं, पण त्याने सगळा धक्का जिरत नाही. वरखालीचा धक्का पुरा मारावा एवढं वजन ठेवलं तर तेच पुढेमागे ढकलायला लागतं. म्हणून कारखानदार मधलं माप धरतो. आणि फेरे दुप्पट झाले की धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर उपाय काढला, उलट्या दिशेने फिरणारा वजनदार दांडा. आता बऱ्याच गाड्यांत तो असतो. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ३५० गाड्या थरथरण्यासाठीच प्रसिद्ध होत्या, २०२० पासूनच्या नव्या ३५० इंजिनात तो दांडा आला. स्कूटरमध्ये इंजिन रबरी बुशांवर झुलतं ठेवलेलं असतं, म्हणून ती मऊ वाटते. यात बाईच्या हाताला काय पेलतं याचा काही संबंध नाही.

म्हणून प्रश्न ‘थरथरते का’ हा नाही. कालच्यापेक्षा वेगळी थरथरते का, हा आहे. इथे आपलं शिक्षण उपयोगी पडतं. केस घेताना आपण काय विचारतो? कधीपासून? कशानंतर? केव्हा वाढतं, केव्हा थांबतं? गाडीलाही तेच विचारायचं. माझ्या गाडीचं उत्तर ‘इंजिन उतरवल्यानंतर’ हे पहिल्याच प्रश्नात होतं. मी विचारलं नाही.

मग दोन परीक्षा. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, आणि सावकाश ॲक्सिलरेटर वाढवायचा. उभ्या गाडीलाच थरथर आली तर कारण इंजिनात, त्याच्या बोल्टांत, किंवा इंजिनाबरोबर हलणाऱ्या एखाद्या ढिल्या वस्तूत. दुसरी परीक्षा मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर. घाटात नाही, आणि हायवेवर तर नाहीच. चाळीसच्या वेगात क्लच दाबायचा आणि ॲक्सिलरेटर सोडायचा. चावी बंद करायची नाही. थरथर गेली तर इंजिनाची. तशीच राहिली तर चाकाची, टायरची, चेनची किंवा बेअरिंगची.

हाताला फरकही कळतो. ताशी ५० च्या वेगाला चाक सेकंदाला सात-आठ फेरे घेतं, इंजिन सत्तर-ऐंशी. म्हणून चाकाचा दोष हेलकाव्यासारखा, जाड लागतो. इंजिनाचा मुंग्यांसारखा, बारीक. रिम खड्ड्यात आपटून वाकली, टायरला फुगा आला, तर जाड हेलकावा. आपल्या हायवेच्या कामाने इतकी वर्षं हे दोन्ही फुकट वाटलेत.

चेनकडे बायका बघत नाहीत, हात काळे होतात म्हणून. इंजिन बंद ठेवून, गाडी स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा आणि मधोमध चेन वरखाली करून बघा. बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर ढील लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल लागली तर चेन एकसारखी झिजलेली नाही, ती बदलायची. घट्ट चेन जास्त वाईट, ती बेअरिंग खाते.

कधीकधी थरथर एकाच वेगाला येते आणि पुढे जाते. ती बहुधा एखादी सुटी वस्तू असते, जिचा हलण्याचा ठेका इंजिनाच्या ठेक्याशी जुळतो. सायलेन्सरची पट्टी, नंबरप्लेट, लेगगार्ड, साडीगार्ड. उभ्या गाडीवर एकीने त्याच वेगात इंजिन धरायचं आणि दुसरीने जाड फडक्याने एकेक वस्तू दाबून बघायची. सायलेन्सर आणि फिरत्या भागांना हात नाही. जी दाबल्यावर आवाज थांबतो, ती.

आणि साडीगार्डवरून आठवलं, हाच तो कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३. मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्या चाकाला आडोसा, आणि धरायला मूठ असलीच पाहिजे. नियमात ‘व्यक्ती’ म्हटलंय. बाजाराने तिला साडी नेसवली. गाडी बांधणाऱ्यांना बाई आठवली ती मागच्या सीटवर. तरी आहे तो नियम चांगला आहे, ‘गाडी सुंदर दिसते’ म्हणून साडीगार्ड काढणाऱ्या भावांना आणि नवऱ्यांना तो जरूर सांगा.

गाडी धक्के देत, अडखळत चालत असेल तर ती गोष्ट वेगळी, तिथे प्लग आणि पेट्रोल बघायचं. २०२० पासूनच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर नसतो, तिथे दिवा पेटतो, तो दिवा घेऊन गॅरेजमध्ये जा. आणि एक दोष आपलाच. पेट्रोल वाचवायला चौथ्या गिअरमध्ये चढ चढवायचा आणि इंजिनाला कण्हायला लावायचं. गिअर उतरवा, पेट्रोल वाचतंच.

बोल्टांचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे खारा वारा, चार महिने पाऊस. रबरी बुश कडक होतात, नट गंजतो आणि घट्ट आहे असं भासवतो. महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट बघा. लाल पूड दिसली तर समजा. नुसता जोर लावून आवळू नका, आटे जातात. प्रत्येक बोल्टाचं माप ठरलेलं आहे, ते टॉर्क रेंचने बसतं, आणि गॅरेजवाल्याकडे तो आहे का हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आत नायलॉनचं कडं असलेला नट सुटला तर तो पुन्हा वापरायचा नाही, नवा घ्यायचा. सांगाड्याला चीर दिसली तर गाडी चालवायचीच नाही.

बोटं बधिर होणं हेही अंगावर काढू नका. सतत थरथर सोसलेल्या हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात. चिरेखाणीत यंत्र धरणाऱ्यांनाही हाच धोका असतो. माझी बोटं दुरुस्तीनंतर दीड महिन्याने ठीक झाली.

त्या बाईचा अर्ज कोर्टात आहे. ती सध्या माहेरी असते. गिरण सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे गिरणीत तिचं काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पंधरा वर्षं तिने ती चालवली, पण तसा कागद कुठेच नाही. त्याबद्दल दुपारच्या सत्रात बोलू.

आता चहा झाला की अंगणात या. माझी गाडी मेन स्टँडवर लावलेली आहे. १२ आणि १४ चा पाना, बॅटरी आणि जुनं फडकं तिथे ठेवलंय. साड्या नेसलेल्यांनी पदर खोचून घ्या, ओढण्या इथेच काढून ठेवा.