अवजारांच्या पंगतीतील पंक्तिप्रपंच

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य दिवसाचे आठ-आठ तास ज्या पडद्यासमोर बसतो, तो पडदा म्हणजे त्याची कर्मशाळाच होय. तेथेच तो लिहितो, लिहिलेले तपासतो, चुका हुडकतो आणि प्रोग्रॅम चालवून पाहतो. ही सर्व सोय एका छताखाली करणाऱ्या साधनास जाणकार मंडळी इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आय.डी.ई.’ म्हणतात. ह्या कर्मशाळेत मूळ बांधणाऱ्याने ठेवलेली अवजारे थोडी आणि बाहेरच्यांनी घडवून आणलेली फार. बाहेरून लावायच्या ह्या अवजारांना प्लग-इन किंवा एक्स्टेन्शन असे नाव आहे. त्यांपैकी पुष्कळशी मुक्तस्रोत असतात. म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी, असा परवाना कर्त्याने दिलेला असतो. परंतु अवजार मुक्त असले, तरी ते ज्या दारातून आत यावयाचे ते दार कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न उरतोच.

नोव्हेंबर २००१ मध्ये आय.बी.एम. कंपनीने ‘एक्लिप्स’ नावाच्या कर्मशाळेची संहिता सर्वांस खुली केली. तिचे मोल सुमारे ४ कोटी डॉलर सांगण्यात आले होते. मूळ काम कॅनडातील ऑटावा येथील ऑब्जेक्ट टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल ह्या तिच्याच उपकंपनीत झाले आणि जावा भाषेच्या अवजारांचे नेतृत्व झुरिक येथे बसून एरिक गामा ह्यांनी केले. एक्लिप्स म्हणजे ग्रहण. जावा भाषा जन्मास घालणाऱ्या कंपनीचे नाव ‘सन’, म्हणजे सूर्य. तेव्हा ह्या नावात कोणाला काय दिसले असेल, हे सांगावयास ज्योतिषी नको! सनजवळ स्वतःची नेटबीन्स ही कर्मशाळा होती. प्राग येथील विद्यार्थ्यांच्या १९९६ सालच्या एका प्रकल्पातून ती उभी राहिली होती. सन एक्लिप्सच्या संघात कधीच सामील झाली नाही.

एक्लिप्सची खरी थोरवी तिच्या रचनेत होती. गाभा अगदी लहान, आणि बाकी सारे प्लग-इन. प्रत्येक प्लग-इनबरोबर एक छोटी पत्रिका असे. आपण कोठे जोडले जाणार आणि दुसऱ्यांना जोडून घेण्यासाठी कोणत्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत, हे त्या पत्रिकेत लिहिलेले असे. कर्मशाळा उघडताना प्रथम केवळ पत्रिका वाचल्या जात. प्रत्यक्ष अवजार गरज पडेल तेव्हाच जागे होई. त्यामुळे शेकडो अवजारे लावूनही आरंभीच सर्वांचा भार पडत नसे. ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जावाची जी अवजारे खुद्द एक्लिप्सच्या कर्त्यांनी केली, तीदेखील इतरांना दिलेल्या पद्धतीनेच जोडलेली होती. यजमानाच्या ताटात जे, तेच पाहुण्याच्या ताटात. आपल्याकडे पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसते वरण वाढण्यास ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात. तो येथे कटाक्षाने टाळला होता. २००४ साली तर हा कारभार आय.बी.एम.च्या हातून निघून एक्लिप्स फाउंडेशन ह्या स्वतंत्र, विनानफा संस्थेकडे गेला.

पुढे ही कर्मशाळा जडावली. गूगलने अँड्रॉइडसाठी दुसरी निवडली आणि एक्लिप्सवरील आपल्या अवजारांचा सांभाळ २०१५ च्या अखेरीस सोडला.

दरम्यान गामा २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले. तेथे त्यांच्या चमूने घडविलेली व्हिज्युअल स्टुडिओ कोड एप्रिल २०१५ मध्ये जाहीर झाली आणि नोव्हेंबरमध्ये तिची संहिता अत्यंत उदार अशा एम.आय.टी. परवान्याखाली खुली झाली. येथे एक्स्टेन्शने मुख्य खिडकीपासून वेगळ्या प्रक्रियेत चालतात. एखादे अडले, तरी लिहिणाऱ्याचा हात थांबत नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही ह्यांनी मिळून आणखी एक मोलाची गोष्ट केली. दहा कर्मशाळा आणि दहा संगणकभाषा असल्या, तर पूर्वी प्रत्येक जोडीसाठी एक, अशी शंभर अवजारे लागत. त्यांच्यात बोलण्याचा एकच रिवाज ठरविला, तर वीस पुरतात. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल तो हाच. तो सर्वांस खुला आहे आणि प्रतिस्पर्ध्यांनीही तो स्वीकारला आहे.

मग प्रपंच कोठे आला? तो बाजारात आला. एक्स्टेन्शने जेथून घ्यावयाची ते मार्केटप्लेस मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे. आणि तेथील माल कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनांतच वापरावा, अशी त्याची अट आहे. मुक्त संहितेवरून कोणी स्वतंत्र कर्मशाळा बांधली (व्हीएसकोडियम ही तशीच आहे), तर घर मिळते, पण बाजार मिळत नाही. पायथन भाषेचे पायलान्स हे लोकप्रिय अवजार बंद आहे, मात्र त्याचा गाभा असलेले पायराइट मुक्त आहे. सी व सी++ साठीच्या एक्स्टेन्शनच्या परवान्यातही अशीच मर्यादा वर्षानुवर्षे होती. कोणी तिकडे फारसे पाहत नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये त्या एक्स्टेन्शनने स्वतःच तपासणी सुरू केली आणि कर्सरसारख्या दुसऱ्या कर्मशाळांत चालण्याचे नाकारले. काल चालत असलेले अवजार आज हातात बंद पडले. अशा वेळी कामास आले ते एल.एल.व्ही.एम. प्रकल्पाचे क्लँगडी हे मुक्त अवजार, आणि तेही वर सांगितलेल्या सामाईक रिवाजामुळेच कोठेही लागते.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. एवढा बाजार चालविणे, त्यातील दुष्ट माल शोधून काढणे, ह्यास पैसा लागतो. एक्स्टेन्शनला संगणकावर वापरणाऱ्याइतकेच अधिकार मिळतात, म्हणून पहारा हवाच. पण पहाऱ्याचा खर्च हे पंगतीत भेद करण्याचे कारण होऊ शकत नाही.

ह्यास उत्तर म्हणून ‘ओपन व्हीएसएक्स’ हा दुसरा बाजार उभा राहिला, आणि २०२० च्या अखेरीपासून त्याचा कारभार पाहते ती तीच जुनी एक्लिप्स फाउंडेशन! व्हीएसकोडियम तेथूनच अवजारे घेते. तेथे माल ठेवण्यासाठी कर्त्याला एक खाते उघडून, एक करार मान्य करून, एक निराळी आज्ञा चालवावी लागते. काम फार तर तासाभराचे. तरीही कित्येक कर्ते ते करीत नाहीत, कारण त्यांचे बहुतेक वापरणारे पहिल्याच बाजारात असतात. ज्या अवजाराचा परवाना मुक्त आहे, त्याच्या बाबतीत दुसरा एखादा स्वयंसेवक ते काम पत्करून त्याची प्रत तेथे नेऊन ठेवू शकतो. तशी तजवीज ओपन व्हीएसएक्सने केलेली आहे आणि अनेक अवजारे तेथे अशीच पोहोचली आहेत. पायलान्ससारख्या बंद अवजाराच्या बाबतीत मात्र स्वयंसेवकाला काहीच करता येत नाही.