वाद घालायचा, पण कुणाच्या फडात?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो, आजचा विषय तुम्हीच दिलाय. नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्या पोरापोरींनी धर्माच्या वादात उतरावं की नाही? मी बौद्ध. पण माझ्या आईची चुलत भावंडं ख्रिस्ती आहेत आणि गावात आमच्या दारासमोरच त्यांचं दार. तेव्हा मी काही परक्याच्या घरात डोकावत नाही. आपल्याच वाड्यातलं बोलतोय.

तुमचे पाळक सांगतात, गप्प बसा, प्रार्थना करा, वादानं कुणाचं भलं झालंय? तुमच्यातली तापलेली पोरं सांगतात, चला पारावर, एकेकाला गार करू. मला दोन्ही पटत नाही. गप्प बसून आपलं भलं झालं असतं तर ते हजार वर्षांपूर्वीच झालं असतं. आणि दुसऱ्याच्या फडात जाऊन किती का नाचा, सुपारी त्याची, बारी त्याची, गल्लाही त्याचाच.

म्हणून पहिला प्रश्न असा, की हा फड मांडलाय कुणी?

१८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मोठा वादविवाद झाला. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजूला गोरे मिशनरी. ऐकायला गर्दी लोटायची. पुढं त्याची पुस्तकं निघाली. देव कसा, शास्त्र कुणाचं खरं, मोक्ष कशानं मिळतो, असे प्रश्न. दोन्हीकडचे लोक पढिक. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे आधी ख्रिस्ती धर्माविरुद्ध संस्कृतात ग्रंथ लिहितात, मग १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे होतात आणि पुन्हा वाद घालतात, आता उलट बाजूनं. त्यांना ते जमत होतं. पिढ्यान् पिढ्यांची पाठांतरं घरात होती. धर्म बदलला, हत्यार तेच राहिलं.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट ऐका. १८४२ साली मिशनऱ्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, 'ज्ञानोदय' सुरू केला. त्या पत्रात १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या एका मांगाच्या पोरीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे तिचं नाव. तीही धर्माबद्दलच बोलली. पण तिनं शास्त्रार्थ केला नाही. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर मग आमचा धर्म कुठला, असं तिनं सरळ विचारलं. मांग-महारांच्या बाया उघड्यावर बाळंत होतात, डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात कुडकुडतात, हे लिहिलं. समुद्रकिनारीच्या वादाच्या दोन वर्षं आधी ही पोर धर्माला त्याचा हिशेब मागत होती. किनाऱ्यावरचा वाद कोण जिंकला यावर दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणावं. मुक्ताच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजही कुणी दिलेलं नाही.

मित्रांनो, आपली परंपरा ही आहे. त्रैक्य म्हणजे काय, कुमारीला पोर कसं झालं, कर्मसिद्धांत खरा की पापक्षमा खरी, यावर परवाच बाप्तिस्मा घेतलेल्या पोरानं चार लोकांत उत्तर दिलंच पाहिजे असा कुणाचा हुकूम नाही. तुम्ही देवाचे वकील नाही. देव असेल तर तो स्वतःचा खटला चालवायला समर्थ आहे. तुमच्या मंडळीत एक फार चांगला शब्द आहे, साक्ष. वकील बोलतो वाचलेलं. साक्षीदार बोलतो पाहिलेलं आणि भोगलेलं. भोगलेल्याच्या बाबतीत तुमच्याएवढा विद्वान या देशात दुसरा कोण आहे?

पण वादात एक सापळा असतो. तो कुठला हे तुम्हाला माहीत आहे. पाच मिनिटं देवाधर्माची चर्चा होते आणि सहाव्या मिनिटाला प्रश्न येतो, किती घेतले रे बाटग्या? गहू मिळाला का दूधपावडर? इथं आपली पोरं चवताळतात आणि शपथा घालू लागतात, आईशपथ एक पैसा घेतला नाही. कशाला शपथा घालता? जन्मानं मिळालेल्या धर्माची पावती कधी कुणी कुणाला मागितलीय? जो धर्म विचार न करता अंगाला चिकटला तो शुद्ध, आणि जो माणसानं विचार करून धरला तो विकत घेतलेला, हा कुठला न्याय? बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. एकवीस वर्षं तो माणूस धर्म तपासत होता. आणि मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराचा ऐहिक फायदाही मांडला आणि आत्मिक बाजूही मांडली. लपवलं काही नाही. माणूस म्हणून वागणूक मिळावी हा फायदा असेल तर हो, आम्हाला तो फायदा पाहिजे. त्याची लाज आम्ही का बाळगायची? ज्यांनी तो नाकारला त्यांनी बाळगावी.

दुसरा सापळा आपणच आपल्यासाठी खणतो. एक ख्रिस्ती पोरगा उठतो, लक्ष्मीआईच्या मूर्तीला नावं ठेवतो. मातंगवाड्यातला दुसरा पोरगा उठतो, येशूला शिवी देतो. तिसरा आमचा बौद्ध, तो दोघांनाही अडाणी म्हणतो. तिघांच्या आज्या एकाच पाणवठ्यावरनं हाकलल्या गेल्या होत्या. आता तिघं एकमेकांची गचांडी धरतात, आणि पाटलाच्या ओसरीवर पान जमतं. असल्या वादात मी कधी जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका. ज्या आजीनं आयुष्यभर लक्ष्मीआईपुढं दिवा लावला तिला तुमच्या नव्या धर्माची पहिली ओळख अपमानानं होऊ देऊ नका.

मग वाद घालायचा कुठं? सांगतो.

पहिला वाद स्वतःच्या देवळात, तुमच्या चर्चमध्ये. नव्या माणसानं आधी शिकावं, मग विचारावं, असं तुम्हाला सांगतील. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वांटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच त्या मठातल्या बायांशी त्यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. हे मी का मानू, ते मी का मानू. त्यांना आज्ञाधारक नवख्रिस्ती पाहिजे होती, रमाबाई निघाल्या विचारणाऱ्या. म्हणून काही त्यांचा ख्रिस्त सुटला नाही. त्या जन्मानं ब्राह्मण, शास्त्रं तोंडपाठ, हे खरं. पण प्रश्न विचारायला संस्कृत लागत नाही.

आणि विचारायला प्रश्न भरपूर आहेत. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला मेलपुदूरच्या कबरस्तानात दलित ख्रिस्त्यांची मढी वेगळी ठेवायला भिंत घातली गेली. मेल्यावरसुद्धा वेस! ती पाडा म्हणून आंदोलनं झाली. भारतातल्या कॅथलिक धर्मगुरूंनी २०१६ साली दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी कबूल केलं. दलितांमधला पहिला कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, झाला २०२२ साली. म्हणजे अगदी काल-परवा. बाबासाहेब १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढं बोलले तेव्हाच त्यांनी दक्षिणेतल्या देवळांतल्या जातीवर बोट ठेवलं होतं. म्हणून तुमच्या मंडळीत पुढची बाकं कुणाची, लग्नं कुणाची कुणाशी लागतात, ट्रस्टवर कोण बसतं, हे विचारा. ख्रिस्तात जात नाही असं कुणी सांगितलं तर म्हणा, बरोबर, आता बाकावर दाखवा.

दुसरा वाद सरकारशी. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा नाही. १९५६ साली त्यात शीख घेतले. १९९० साली बौद्ध घेतले, आम्ही आत आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून दाराबाहेर. म्हणजे गंमत बघा. गावात तुम्ही महार-मांगच. देवळात सांगतात, आता तुम्हाला जात नाही. आणि तहसीलदार म्हणतो, जात गेली ना, मग दाखला कसला? तीन तोंडं, तीन न्याय, मार मात्र एकालाच. अट्रॉसिटीचा कायदासुद्धा अनुसूचित जातीच्या माणसाला. उद्या तुमचं घर जाळलं तर आधी धर्म विचारतील.

मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणारा सूसई नावाचा एक माणूस सुप्रीम कोर्टात गेला होता. आदिद्रविड, ख्रिस्ती झालेला. सरकारनं चांभारकाम करणाऱ्यांना फुकट टपऱ्या दिल्या, पण फक्त हिंदू आदिद्रविडांना. तेच काम, तीच आरी, तोच फुटपाथ. याला टपरी नाही. १९८५ साली निकाल लागला आणि तो हरला. कोर्टानं काय म्हटलं ते नीट ऐका. धर्मांतरानंतर जात उरते एवढंच पुरेसं नाही. नव्या धर्मातही तीच विटंबना तेवढ्याच तीव्रतेनं चालू आहे हे दाखवा. आणि ते दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नव्हता.

पुरावा नव्हता! लाखो माणसं रोज भोगतात आणि कागदावर पुरावा नाही. का? देवळात आपण साक्ष देतो ती ताप उतरल्याची, नोकरी लागल्याची. द्या, माझी हरकत नाही. पण कबरस्तानातल्या भिंतीची साक्ष कोण देणार? २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. आयोग येतील, जातील. तुमच्या हातात लिहिलेलं काही नसलं तर तुमच्या वतीनं तेच बोलतील ज्यांनी कधी भोगलं नाही.

तेव्हा माझं उत्तर असं. वादात उतरा. पण देवांच्या कुस्तीला जाऊ नका. शंभर पानी वह्या घ्या आणि गावोगाव फिरा. ख्रिस्ती झाल्यावर पाणी कुठं भरता, मढं कुठं पुरता, भाड्यानं खोली मिळते का, सोयरीक कुठवर जाते, हे तारीखवार लिहून घ्या. म्हाताऱ्यांचं आधी लिहा, ते थांबणार नाहीत. आम्ही बौद्ध पोरं तुमच्याबरोबर येतो. १९९० ला आमच्यासाठी दार उघडलं, आता ते आतून ओढून घेणारे आम्ही निघालो तर बाबासाहेबांचं नाव घ्यायचा हक्क आम्हाला उरत नाही.

सभा संपल्यावर कोण कुठल्या गावात जाणार ती यादी करू. पेन सगळ्यांकडं आहेत ना?

जयभीम.