वृद्धसेवेला शास्त्राची जोड



आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले की घरचे म्हणतात, ‘वयच झाले!’ पुष्कळदा ते वय नसते. वृद्धांत ताप न येताही न्यूमोनिया होतो व गोंधळलेपण हेच त्याचे पहिले लक्षण ठरते. ते ओळखण्यास स्वतंत्र शिक्षण लागते. वार्धक्यवैद्यकाचा देशातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली सुरू झाला. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईचे जे. जे. रुग्णालय प्रादेशिक केंद्र ठरले. परंतु २०११ च्या जनगणनेत साठीपुढील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या. त्यांना मूठभर तज्ज्ञ कसे पुरणार? म्हणून गोरेगावच्या कुटुंबवैद्यांना व परिचारिकांनाही हे प्रशिक्षण मिळावयास हवे. वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप. ज्ञानाच्या जोडीनेच ते सफल होईल.