गारव्याची मर्यादा आणि घरगुती विजेची बचत



बोईसरच्या शेजारी, तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेले सरावली हे गाव विजेच्या फार जवळ राहते. देशातील पहिले अणुवीज केंद्र याच परिसरात, तारापूर येथे, १९६९ साली सुरू झाले. पुढे २००५ आणि २००६ मध्ये तेथे प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेच्या दोन नव्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. उत्तरेस डहाणू येथे १९९५ पासून कोळशावर चालणारे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. वीज भिंतीतील बटणातून येते असे शहरातील मुलाला वाटत असेल. परंतु ती कोणाच्या तरी जमिनीतून, पाण्यातून आणि श्रमांतून येते, हे या भागातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि वीज जवळ निर्माण होते म्हणून ती स्वस्त मिळत नाही. केंद्रातील वीज सामाईक जाळ्यात जाते आणि सरावलीच्या घराला राज्यातील इतर घरांप्रमाणेच महावितरणच्या दराने बिल येते. हे बिल टप्प्यांनी वाढते. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० चा त्याहून अधिक, ३०१ ते ५०० चा आणखी अधिक, आणि त्यापुढचा सर्वाधिक असतो. म्हणून बचतीचा विचार करताना किती युनिटे वाचली याबरोबरच ती कोणत्या टप्प्यातील वाचली, हेही पाहावे लागते.

पूर्वी वातानुकूलन यंत्र म्हणजे मोठ्या कार्यालयाची किंवा श्रीमंताच्या बंगल्याची वस्तू मानली जाई. आज ते कामगाराच्या दोन खोल्यांच्या घरातही, बहुधा हप्त्यांवर घेतलेले, दिसू लागले आहे. त्याला चैन म्हणून हिणवणे योग्य होणार नाही. कारखान्यातील तिसरी पाळी संपवून सकाळी घरी परतणाऱ्या माणसाला भर दिवसा झोपावे लागते. मे महिन्यातील दमट दुपारी, तापलेल्या स्लॅबखाली त्याची झोप होत नाही, आणि अपुऱ्या झोपेनिशी रात्री यंत्रावर उभे राहणे धोक्याचे असते. तेव्हा गारवा हवा की नको, हा प्रश्नच नाही. तो किती असावा आणि कोठे थांबावा, एवढाच प्रश्न आहे. याचे उत्तर देण्याचे काम त्याच यंत्रातील थर्मोस्टॅट, म्हणजे तापनियंत्रक, करीत असतो. मात्र त्याला योग्य आज्ञा मिळाली पाहिजे.

या तापनियंत्रकाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. बाहेरून घामाघूम होऊन आलेला माणूस रिमोट हाती घेतो आणि खोली लवकर गार व्हावी म्हणून आकडा १८ वर आणतो. जणू तो आकडा म्हणजे सायकलचे पायडल आहे; जोराने मारले की वेग वाढणार. वस्तुस्थिती तशी नाही. खोली तापलेली असताना यंत्र आधीच आपल्या पूर्ण शक्तीने चालत असते. आकडा १८ वर ठेवला काय किंवा २६ वर ठेवला काय, खोलीचे तापमान ३३ वरून २६ वर येण्यास जवळपास तेवढाच वेळ लागतो. फरक पडतो तो त्यानंतर. २६ ची आज्ञा मिळालेले यंत्र तेथे पोहोचल्यावर थांबते किंवा मंदावते. १८ ची आज्ञा मिळालेले यंत्र मात्र पुढे चालतच राहते. बहुतेक वेळा ते १८ पर्यंत पोहोचतही नाही. दरम्यान घरातील माणसे चादरी ओढून घेतात. तो आकडा वेग सांगत नाही, मर्यादा सांगतो. एवढी एक गोष्ट ध्यानात आली तरी निम्मे काम झाले असे समजावे.

तापनियंत्रकाची मूळ कल्पना अगदी साधी आहे. पितळ आणि पोलाद या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या, तर उष्णतेने पितळ अधिक प्रसरण पावते आणि जोडपट्टी वाकते. गार झाल्यावर ती पुन्हा सरळ होते. या वाकण्या-सरळ होण्यानेच विद्युत्प्रवाह जोडता वा तोडता येतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे एक अध्यापक होते. वर्गखोल्यांतील तापमान पाहण्यासाठी शाळेचा नोकर पुनःपुन्हा दार उघडून आत येई आणि शिकवण्यात व्यत्यय येई. त्यातून त्यांना खोलीच्या विद्युत् तापनियंत्रकाची कल्पना सुचली आणि १८८३ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. आजच्या वातानुकूलन यंत्रात धातूच्या पट्टीऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक असतो. तो आत शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजतो. यंत्रासमोर कपाट किंवा जाड पडदा आला, तर थंड हवा तेथूनच मागे फिरते, आणि संवेदकाला खोली गार झाली असे वाटते. पलंगावरचा माणूस मात्र उकाड्यातच राहतो. मग तो आकडा आणखी खाली नेतो. दोष यंत्राचा नसून मांडणीचा असतो.

आकडा वर ठेवल्याने वीज का वाचते, हेही समजून घेतले पाहिजे. उष्णता भिंतींतून आणि छतातून आत येते ती आतील व बाहेरील तापमानांच्या अंतराच्या प्रमाणात. बाहेर ३३ अंश आणि आत २० अंश असतील तर अंतर १३ अंशांचे. आत २६ अंश ठेवले तर ते ७ अंशांचे, म्हणजे जवळजवळ निम्मे. अर्थात माणसांच्या शरीराची उष्णता, खिडकीतून येणारे ऊन आणि हवेतील दमटपणा यांचा भार त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून प्रत्यक्ष बचत निम्मी होत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे तापमान एक अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरात दिवे, पंखे, फ्रीज आणि इतर वापर मिळून महिन्याला ११० युनिटे लागतात आणि वातानुकूलन यंत्र २० अंशांवर रोज ८ युनिटे खाते. तीस दिवसांची ही २४० युनिटे धरून एकूण वापर ३५० युनिटे होतो. आता तेच यंत्र २६ अंशांवर ठेवले आणि प्रत्येक अंशाला सहा टक्के बचत धरली, तर २४० ऐवजी सुमारे १६६ युनिटे लागतील. जोडीला ७५ वॅटचा छताचा पंखा आठ तास चालवला, तर महिन्याला १८ युनिटे वाढतील. एकूण वापर २९४ युनिटे झाला. म्हणजे ५६ युनिटे वाचली, आणि त्यांपैकी ५० युनिटे ३०० च्या पुढील महाग टप्प्यातील होती. तो टप्पा या घराच्या बिलातून नाहीसाच झाला. अलीकडे मिळणारा सुमारे ३० वॅटचा कमी विजेचा पंखा असेल, तर पंख्याचा खर्चही निम्म्याहून कमी होतो.

पंखा आणि वातानुकूलन यंत्र एकाच वेळी चालवणे ही उधळपट्टी आहे, असे पुष्कळ घरांत मानले जाते. वरील हिशेबावरून ते खरे नाही हे दिसून येईल. वाऱ्याने घाम सुकतो आणि अंगाला तापमान दोनएक अंशांनी कमी असल्यासारखे वाटते. म्हणून मंद पंख्याखाली २६ अंश सुखाचे वाटतात.

किनाऱ्यालगतच्या या प्रदेशाचा आणखी एक विशेष आहे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम गारवा देतो, कारण तेथील हवा पाणी भराभर शोषून घेते. पालघर-बोईसरकडील हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. येथे कूलरने गारवा थोडा आणि ओल फार अशी स्थिती होते. येथील त्रास केवळ तापमानाचा नसून दमटपणाचा आहे. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी पहिले आधुनिक वातानुकूलन यंत्र आखले, तेही मुळात माणसांना गार करण्यासाठी नव्हे, तर दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई बिघडू नये म्हणून. पावसाळ्यात तापमान फारसे नसतानाही जीव घुसमटतो, तेव्हा रिमोटवरील ‘ड्राय’ हे बटण वापरावे. त्यात यंत्र प्रामुख्याने हवेतील ओल काढते आणि सामान्यतः वीजही कमी घेते.

आता वेळेच्या योजनेकडे वळू. बहुतेक रिमोटवर ‘स्लीप’ आणि ‘टायमर’ ही दोन बटणे असतात, आणि बहुतेक घरांत ती न वापरताच झिजतात. ‘स्लीप’ दाबल्यावर यंत्र ठरावीक काळाने तापमान आपोआप एकेक अंश वर नेते. ही योजना रात्री झोपणाऱ्यासाठी आहे. रात्र चढते तशी बाहेरची हवा निवते आणि झोपलेल्या शरीराला गारवाही कमी लागतो. पहाटे चारच्या सुमारास ‘टायमर’ने यंत्र बंद करून पंखा चालू ठेवला, तर झोप मोडत नाही.

दिवसा झोपणाऱ्या कामगाराचे गणित मात्र उलटे आहे. तो सकाळी आठ वाजता आडवा होतो, तेव्हा बाहेरची हवा त्यामानाने सौम्य असते. दुपारी स्लॅब तापतो तेव्हा त्याची झोप अजून पुरी व्हायची असते. त्याने ‘स्लीप’ लावले, तर बाहेर उष्णता वाढत असतानाच यंत्र आतील मर्यादाही वर नेईल आणि दुपारी एकच्या सुमारास त्याला घामाने जाग येईल. त्याने ‘स्लीप’ न लावता २६ अंश कायम ठेवावेत, पंखा मंद ठेवावा, खिडकीला जाड पडदा लावावा आणि उठण्याच्या अर्धा तास आधी यंत्र बंद होईल असा ‘टायमर’ लावावा. बंद खोलीतील गारवा तेवढा वेळ सहज टिकतो. रिमोटमधील सेल बदलल्यानंतर त्याचे घड्याळ पुन्हा लावावे. अन्यथा यंत्र भलत्याच वेळी सुरू वा बंद होते आणि ‘टायमर’ निरुपयोगी असल्याचा ग्रह होतो.

यंत्राची निगा हाही बचतीचाच भाग आहे. आतील जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाण्याने धुऊन, वाळवून बसवावी. बाहेरील भागाभोवती हवा खेळती राहील इतकी जागा सोडावी. छताला चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात दिला, दाराखालची फट कापडाने बुजवली, तर यंत्रावरील भार मुळातच कमी होतो. ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र नाही, त्यांनाही छताच्या पांढऱ्या रंगाचा लाभ होतोच.

घरातील इतर दोन तापनियंत्रकांकडेही लक्ष द्यावे. फ्रीजमधील चकतीवरचे १ ते ७ असे आकडे तापमानाचे नसतात. तेथे मोठा आकडा म्हणजे सामान्यतः अधिक थंडी, अर्थात अधिक वीज. आतील तापमान ५ अंशांपर्यंत राहील असा मधला आकडा पुरेसा असतो. अन्न नासेल इतकी काटकसर मात्र करू नये. गीझरच्या बाबतीत, १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट लागते. पाणी तापल्यावर दिवा विझतो म्हणून गीझर चालूच ठेवला, तर पाणी निवत राहते आणि तापनियंत्रक ते पुनःपुन्हा तापवत राहतो. स्नानापूर्वी थोडा वेळ लावावा आणि मुख्य बटण बंद करूनच स्नानास जावे.

हा विचार केवळ एका गावाचा नाही. १९७३ च्या तेलटंचाईत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नागरिकांना घरातील हीटरचे तापमान खाली आणण्याचे आवाहन केले होते. जपानने २००५ पासून उन्हाळ्यात कार्यालयांतील तापमान २८ अंशांच्या आसपास ठेवून कोट आणि टाय यांना सुट्टी देण्याची मोहीम चालवली. भारतात जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे कारखान्यातून निघतानाच २४ अंशांवर लावलेली असावीत, असा नियम झाला. नियम तेथपर्यंतच येतो. घरात आल्यावर रिमोट कोणाच्या हाती आणि आकडा कोणत्या मर्यादेवर, हे घरानेच ठरवायचे असते.

या सर्व विवेचनाचा अर्थ कोणी उकाड्यात तळमळत राहावे असा नाही. वृद्ध, तान्ही मुले आणि आजारी माणसे यांना गारवा औषधासारखा आवश्यक असतो. तो त्यांना मिळालाच पाहिजे. परंतु चादर ओढून घ्यावी लागेल इतका गारवा कोणाच्याच सुखाचा नसतो. ज्या परिसरातील गावांनी विजेसाठी आपली जमीन दिली, त्या परिसरातील घराने त्या विजेचा मान राखावा, हे स्वाभाविकच आहे. त्यासाठी अंधारात बसावे लागत नाही. पुरे झाले म्हणजे थांब, एवढीच आज्ञा यंत्राला द्यायची असते, आणि ती पाळण्यास यंत्र सदैव तयार असते.