तरुणांचे प्रश्न आणि वडीलधाऱ्यांची उत्तरे

(निजामपुरा, भिवंडी येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक संमेलनातील भाषण म्हटले की पूर्वजांचे गुणगान, ज्ञातीच्या प्रगतीचा आढावा आणि अखेरीस चहापान, असा क्रम ठरून गेलेला असतो. यंदा तो मोडण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून घेतली आहे. संमेलनापूर्वी तरुण मंडळींकडून लेखी प्रश्न मागविले होते. त्यांत एक चिठ्ठी अशी निघाली की तिच्यापुढे आमचे योजिलेले भाषण आम्हांस फिके वाटले. लिहिणारा सतरा वर्षांचा आहे. त्याचे नाव आम्ही घेत नाही, व कोणी शोधूही नये. त्याने पाच प्रश्न विचारले आहेत आणि खाली एक ओळ लिहिली आहे. घरी विचारले तर 'धर्मशिक्षणाच्या वर्गात काय शिकतोस?' असे म्हणतात, आणि वर्गात विचारले तर 'घरी काहीच शिकवीत नाहीत काय?' असे म्हणतात, ही त्याची तक्रार. आम्हां वडीलधाऱ्यांना ती लागावयास हवी.

वसईकडे आपल्या गावांत देवळाची घंटा साऱ्या आळीला ऐकू जाते. तेथे मुलाला आपण ख्रिस्ती का, हा प्रश्न सहसा पडत नाही. सारा गावच त्याचे उत्तर असतो. निजामपुऱ्याची गोष्ट वेगळी. येथे चोहोकडे मागांचा खडखडाट, शेजारी मोमीन विणकर, कोकणी मुसलमान, तेलुगू पद्मशाली. आपली घरे थोडकी. येथल्या आपल्या मुलाला त्याचे मित्र रोज काहीतरी विचारतात, आणि त्यांना काय सांगावे हे तो आम्हांस विचारतो. तेव्हा हे प्रश्न उद्धटपणाचे नव्हेत. परिस्थितीने ते त्याच्यावर आणले आहेत.

त्याचा पहिलाच प्रश्न असा : शंका येणे हाच श्रद्धेचा अभाव नव्हे काय? 

आमचे उत्तर, नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात देवदूताचा निरोप ऐकून पवित्र मरियेने प्रथम प्रश्नच विचारला की हे घडणार कसे. आणि त्यानंतर होकार दिला. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, दटावणी मिळाली नाही. कार्डिनल न्यूमन (१८०१-१८९०) यांनी अडचण आणि अविश्वास या दोन वस्तू वेगळ्या आहेत हे आग्रहाने सांगितले, आणि त्या न्यूमननाच ख्रिस्तसभेने २०१९ साली संत म्हणून घोषित केले. एखादी गोष्ट समजत नाही म्हणणे निराळे, आणि ती समजूनच घ्यावयाची नाही असे ठरविणे निराळे.

शिवाय मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभच मुळी एका श्रोत्याच्या प्रश्नातून झाला, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. त्याच्या प्रारंभी नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक जण पाद्रीगुरूंपुढे म्हणणे मांडतो : आमची जुनी पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केली, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे तरी काय? त्या काळी पुराण ऐकणे हा धर्मही होता आणि मनाचा विरंगुळाही होता. तो विरंगुळा काढून घेतला आणि जागा रिकामी ठेवली, ही त्या श्रोत्याची अडचण. फादर स्टीफन्सनी त्याला गप्प बसविले नाही. त्याच्याच भाषेत, त्याच्याच ओवी छंदात उत्तर दिले. नुसत्या मनाईने काम भागत नाही, हे ज्याला चारशे वर्षांपूर्वी उमगले त्याच्या परंपरेचे आपण वारस आहोत.

दुसरा प्रश्न छंदांविषयी आहे. मी बुद्धिबळ खेळतो, मोबाईलवर खेळ खेळतो, जादूगारांच्या कादंबऱ्या वाचतो. हे पाप होय काय, आणि पापनिवेदनात सांगावे काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या महाग्रंथात खेळाचा स्वतंत्र विचार केला आहे. तेथे त्यांनी संत योहानाची एक जुनी कथा दिली आहे. योहान आपल्या शिष्यांसह खेळत असलेले पाहून काही लोकांना ते विपरीत वाटले. तेव्हा योहानाने त्यांच्यातील धनुष्यधाऱ्याला बाण सोडावयास सांगितले, पुन:पुन्हा सोडावयास सांगितले, आणि विचारले, असे अखंड करता येईल काय? तो म्हणाला, तसे केल्यास धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाने सांगितले. त्याच ठिकाणी संत थॉमस असेही म्हणतात की खेळात मर्यादा सोडणे जसा दोष, तसाच स्वत: कधी न हसणे आणि दुसऱ्याच्या हसण्यात विघ्न आणणे हाही दोषच. हे वाक्य आम्हां वडील मंडळींनी विशेष लक्षात ठेवावे.

कादंबऱ्यांविषयी. ख्रिस्तसभेने १५५९ पासून निषिद्ध ग्रंथांची यादी ठेवली होती. १९६६ च्या जून महिन्यात त्या यादीचे कायद्याचे बळ काढून घेण्यात आले. मात्र आपण काय वाचतो याची सदसद्विवेकाची जबाबदारी काढून घेतली नाही. ती यादीवरून वाचकाकडे आली, एवढेच. गोष्टीतील जादूगार हा गोष्टीतील जादूगार आहे, हे ज्याला कळते त्याला ती गोष्ट बाधत नाही. मात्र गोष्ट मिटून कोणी खरोखरच मंत्रतंत्राने किंवा कुंडलीने आपले भविष्य जाणू पाहील, तर तेथे ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात फलज्योतिष आणि शकुन-अपशकुन पाहणे नाकारलेले आहे. चिठ्ठीतील तिसरा प्रश्न वर्तमानपत्रातील राशिभविष्याचा होता. त्याचे उत्तर यातच आले. घरात माळ म्हणावी आणि मुलीच्या लग्नासाठी गुपचूप पत्रिका दाखवावी, असे जेथे चालत असेल, तेथे दोष तरुणांचा नव्हे.

मोबाईलच्या खेळांस आम्ही तीन कसोट्या लावू. तो खेळ तुमची झोप, अभ्यास आणि रविवारची मिस्सा यांवर अतिक्रमण करतो काय? त्यात पैसा लावावा लागतो काय? आणि तो खेळ तुम्ही बंद करू शकता काय? धर्मशिक्षणग्रंथ पत्त्यांचा खेळ वा पैज मुळातच पाप मानीत नाही. पण स्वत:च्या किंवा कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ते निंद्य ठरते, असे सांगतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेनेही पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तिसरी कसोटी मात्र कोणताही कायदा लावू शकत नाही. मिलान शहरात वाढलेला कार्लो आकुतिस हा मुलगा २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने निवर्तला. त्याला संगणकाचा नाद होता, व्हिडिओ खेळही आवडत; पण त्याने स्वत:च आठवड्यास एक तासाची मर्यादा घालून घेतली होती, असे त्याचे चरित्र सांगते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी तो संत म्हणून घोषित झाला. त्याने छंद सोडला नाही. त्याचा लगाम आपल्या हाती ठेवला.

चौथा प्रश्न योगासनांचा. मित्र शिकवितात, शिकावे काय? 

शरीर निरोगी ठेवणारी आसने करण्यास हरकत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, अन्य धर्मांतील जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही आपण झिडकारीत नाही, असे जाहीर केले. पुढे १९८९ साली रोमहून ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र निघाले. त्याचे सार असे, की पौर्वात्य पद्धतींतील उपयुक्त ते घ्यावे. पण शरीराला लाभलेल्या शांततेलाच परमेश्वराची भेट समजू नये. सतरा वर्षांच्या मुलाला यातील विवेक कळतो. तो कळणार नाही असे समजून आपण त्याला नुसते 'नको' म्हणतो, तेथेच चुकते.

आता पाचवा प्रश्न. तो वाचताना या व्यासपीठावर बसलेल्या आम्हां सर्वांचा घसा कोरडा पडावा असा आहे. संत पौलाने गलतीकरांस लिहिले की ख्रिस्तामध्ये यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही. मग आपले हे ज्ञातिमंडळ कशासाठी? 

बंधूंनो, हा प्रश्न टाळून या स्मरणिकेचे एकही पान छापण्याचा आम्हांस अधिकार नाही. आपल्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला, पण येताना जात बाहेर ठेवली नाही, हा इतिहास आहे. सामवेदी, वाडवळ, भंडारी, कोळी ही नावे ख्रिस्ती घरांतून आजही चालतात, आणि सोयरीक जुळविताना ती आधी पुढे येतात. मंडळाने गरीब मुलाची फी भरली, आजाऱ्याला रक्त मिळवून दिले, परगावी आलेल्या कुटुंबाला ओळख दिली, आपली बोली आणि लग्नगीते जपली, तर ते मंडळ पौलाच्या शिकवणीशी विसंगत नाही. पण सोयरिकीच्या वेळी, देवळातील मानपानाच्या वेळी किंवा प्रेताला खांदा देण्याच्या वेळी जर ते कोणाला परके ठरवू लागले, तर या मुलाचे म्हणणे खरे आणि आपले चुकीचे. यापेक्षा गोड उत्तर आमच्याजवळ नाही.

तरुण मित्रांनो, तुम्हांसही एक विनंती. प्रश्न विचारणाऱ्यावर उत्तर ऐकण्याचे ऋण असते. उत्तर गैरसोयीचे निघाले म्हणून दुसरा प्रश्न शोधू नका. रविवारी कामाची पाळी असेल तर शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पुरे होते, हा नियम माहीत करून घ्या. आणि मग सबब सांगू नका.

आणि वडील मंडळींनो, मुले श्रद्धा सोडतात ती बहुधा भांडून सोडीत नाहीत. ती विचारणे बंद करतात. मागून येणे बंद करतात. मग एके दिवशी मिस्सेतील त्यांची जागा रिकामी दिसते आणि आपण मोबाईलला दोष देतो. चिठ्ठी लिहिणारा अजून विचारतो आहे. याचा अर्थ तो अजून आपल्यात आहे. पुढच्या वर्षी या संमेलनात भाषण एक कमी ठेवावे आणि तो वेळ तरुणांच्या प्रश्नांस द्यावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवतो, आणि आपली रजा घेतो.