आकाशवाणीचे मौन
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



दिल्लीतील मराठी वक्त्याने पानिपतापासून आरंभ करावा, असा एक अलिखित संकेत आहे. तो मोडून मी आपणांस सकाळच्या चहापाशी नेणार आहे. सकाळी रेडिओवर आपण काय ऐकले आणि काय ऐकू शकलो नाही, एवढाच आजचा विषय.

सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरात आमचा संसार सुरू झाला, तेव्हा रेडिओसाठी पोस्टातून परवाना घ्यावा लागे. सकाळी आधी हिंदी बातम्या, मग इंग्रजी. साडेआठाला संसद मार्गावरील आकाशवाणी भवनात मराठी बातमीपत्रही वाचले जाई. परंतु ते महाराष्ट्रातील श्रोत्यांसाठी, तिकडील केंद्रांनी सहक्षेपित करावे म्हणून. आमच्या घरापासून चार-पाच मैलांवर उच्चारलेले मराठी शब्द आम्हांला स्वच्छ ऐकू येत ते मे महिन्यात गावी गेल्यावर! दिल्लीची ही रीत मी तेव्हा हसण्यावारी नेली होती.

या आवाजावर आमचा विश्वास होता. २६ जून १९७५ च्या सकाळी दारात वर्तमानपत्र पडले नाही. आदल्या रात्री बहादूरशाह जफर मार्गावरील छापखान्यांची वीज तोडली होती, हे मागाहून कळले. त्या सकाळी बोलत होती ती केवळ आकाशवाणी, आणि तिच्यावरून पंतप्रधान स्वतः सांगत होत्या की आणीबाणी पुकारली आहे, घाबरण्याचे कारण नाही. कोणाला अटक झाली, हे मात्र शेजाऱ्याच्या कानाशी लागूनच कळायचे. काही दिवसांतच नभोवाणीमंत्री इंदरकुमार गुजराल यांच्या जागी विद्याचरण शुक्ल आले. पुढले एकोणीस महिने आम्ही रेडिओ ऐकत होतो. ऐकून समजत काही नव्हते.

माझ्या मनाला लागून राहिलेला दिवस मात्र दुसरा आहे. ३१ ऑक्टोबर १९८४. सकाळी नऊनंतर सफदरजंग रस्त्यावर इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांना नेले ते आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या नव्हे तरी पायी जाण्याच्या अंतरावर. त्यांचे निधन झाल्याचे बीबीसीने दुपारीच जगाला सांगितले. आकाशवाणीने सांगितले संध्याकाळी सहाच्या सुमारास. कचेरीतल्या सहकाऱ्याच्या ट्रान्झिस्टरवर आम्ही लंडनला विचारीत होतो की आमच्या घराशेजारच्या रुग्णालयात काय घडले!

त्या मौनाच्या पोकळीत अफवा शिरल्या. पंजाबातून प्रेतांनी भरलेल्या गाड्या आल्या, पाण्यात विष कालवले आहे. आमच्या शेजारचे सरदारजी, त्यांची पत्नी आणि दोन मुले १ नोव्हेंबरच्या रात्रीपासून आमच्या आतल्या खोलीत होती. रात्री कोणीतरी जिन्यातून ओरडत गेले की पाणी पिऊ नका. मी उठलो आणि माठ मोरीत रिकामा केला. मी पदवीधर, केंद्र सरकारचा नोकर, घरात चार शीख जीव लपवून बसलेला. आणि शिखांनी पाण्यात विष घातले यावर माझा हात विश्वास ठेवून मोकळा झाला. मागे वळलो तर दारात त्या बाई उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी त्यांनीच माठ भरून आणला आणि पहिला पेला स्वतः प्यायल्या. त्या तीन दिवसांत दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेल्याचे सरकारी चौकशीने पुढे नोंदविले.

एका नभोवाणीमुळे ती माणसे मेली असे मी म्हणत नाही. मारणारे हात होते, त्यांना अडवायचे ते स्वस्थ बसले होते. पण ज्या आवाजावर पहाटेपासून भरवसा ठेवायचा तो गप्प राहिला, की जिन्यातला आवाज खरा वाटू लागतो, एवढे मी माझ्या मोरीपाशी शिकलो.

येथे एक विषयांतर करतो. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री होते आपलेच बा. वि. केसकर, पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे कैवारी असल्याने त्यांनी चित्रपटगीतांना दार जवळजवळ बंद केले. परिणाम? सारा देश रेडिओ सिलोन ऐकू लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. गाण्याच्या बाबतीत सरकारला पाच वर्षांत जे उमगले, ते बातमीच्या बाबतीत उमगायला किती काळ लागावा?

कायद्याचे कागद मात्र पुष्कळ झाले. वर्गीज समितीने १९७८ मध्ये स्वायत्त न्यास सुचविला; प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० मध्ये आणि अमलात आला १९९७ मध्ये. दरम्यान, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचे सांगितले. (हा निवाडा क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झाला. आपल्या देशात लोकशाहीलाही क्रिकेटचा आधार लागतो.)

आणि तरीही? नोएडाहून गुरुग्रामला जाणारी आपली मुले मोटारीत खाजगी एफएम ऐकतात. निवेदक वाहतूक, हवामान, परीक्षांची माहिती देतो. परंतु कार्तिकातल्या धुराने शाळा बंद पडल्या तर त्याचा जाब विचारणारी स्वतःची बातमी त्याने द्यायची नाही. २०११ च्या धोरणाने मुभा दिली ती आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा ऐकविण्याची. शेकडो दूरचित्रवाहिन्या रात्रभर बातम्यांच्या नावाने ओरडतात, आणि ज्याला गरीब रखवालदारही खिशात बाळगतो त्या रेडिओवर बंधन. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्यांची शिफारस केली. पण शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. खाजगी मंडळी बातमीचा तमाशा करतील, ही भीती मलाही वाटते. परंतु त्यावर उपाय नियमांचा आहे, मुकेपणाचा नाही.

कारण आता कानाला परदेशही उरला नाही. बीबीसीची हिंदी लघुलहरसेवा ३१ जानेवारी २०२० रोजी संपली. जिन्यातला तो आवाज आज भ्रमणध्वनीत आला आहे, आणि पहाटे पाचालाच येतो.

श्रोत्यांनी बोलून काही होत नाही, असे कोणी म्हणेल. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला होता. लोकांनी आवाज उठविला आणि काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली.

म्हणून माहिती आणि नभोवाणी मंत्रालयाला पाठवायच्या पत्राचा एक मसुदा मी केला आहे. खाजगी केंद्रांना बातम्यांची परवानगी, आणि आकाशवाणीच्या वृत्तविभागाला खरी स्वायत्तता, एवढ्याच दोन मागण्या आहेत. मसुदा मराठीत असून चिटणिसांच्या टेबलावर ठेवला आहे. सह्या आज व्हाव्यात. आणि कोणी चांगले हिंदी भाषांतर करून देईल तर फार बरे, माझे हिंदी अजून सरोजिनीनगरच्या भाजीबाजारातलेच आहे.